अडीच गुंठे सोडून सव्वा गुंठ्यात

ऑक्टोबर २०१९ मध्ये चार दिवसांच्या अंतराने आमच्या घरी दोन पत्रं आली. पहिलं अण्णांच्या नावावर, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या. इंग्लंडमधल्या ज्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या, जमिनीवर ते १९७८ पासून भाजी पिकवत होते, तिने कळवलं होतं की तुमचा पत्ता आता आमच्या हद्दीत नाही, त्यामुळे ३१ मार्च २०२० नंतर करार चालू ठेवता येणार नाही. प्लॉट सुनेच्या नावावर करण्याची विनंतीही मान्य करता येत नाही. दुसरं पत्र माझ्या नावावर होतं. आमच्या इथल्या अशाच प्लॉटच्या प्रतीक्षायादीत मी २०१३ साली नाव घातलं होतं आणि विसरूनही गेले होते. अर्धा प्लॉट रिकामा झाला आहे, चौदा दिवसांत हो की नाही ते कळवा.

अण्णांनी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, भिंगातून सावकाश वाचली आणि विचारलं, "माती कशी आहे तिथली?"

पुढची दोन वर्षं आम्ही काय केलं, काय चुकलं आणि कशाचा उपयोग झाला, हे इथे लिहून ठेवते आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या पिढीने धरलेले असे 'अलॉटमेंट' प्लॉट बऱ्याच मराठी घरांत आहेत. ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे, त्यामुळे हा प्रश्न एकट्या आमचा नाही.

जमीन कोणाची

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात. अलॉटमेंट म्हणजे बहुतेक वेळा कौन्सिलच्या मालकीचा, घरच्यापुरती भाजी-फळं काढण्यासाठी वर्षाच्या भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने कौन्सिलांवर टाकली. पिकवलेलं मुख्यतः आपल्या कुटुंबाने खाण्यासाठी, ही व्याख्या १९२२ च्या कायद्यातली. कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा १९५० ची. मोजमाप मात्र अजूनही जुन्या 'रॉड'मध्ये चालतं. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि पूर्ण प्लॉट म्हणजे दहा चौरस रॉड.

याचा हिशेब अण्णांनी मला पूर्वीच सांगितला होता. आपली गुंठ्याची साखळी ३३ फुटांची, म्हणजे बरोबर दोन रॉड. चार चौरस रॉडचा एक गुंठा होतो, ना कमी ना जास्त. दहा रॉडचा पूर्ण प्लॉट अडीच गुंठे, अर्धा प्लॉट सव्वा गुंठा. राजापूरकडच्या गावातली जमीन भावकीत वाटत वाटत शेवटी अण्णांच्या वाट्याला अडीच गुंठेच आले होते. "तिकडे अडीच, इकडे अडीच," असं म्हणून ते हसायचे. तिकडचे अडीच वारसाने आले होते, इकडचे वारसाने जात नाहीत, हा फरक तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही.

इथे आमची पहिली चूक, आणि ती पंधरा वर्षं जुनी आहे. त्या कौन्सिलमध्ये घरातल्या माणसाचं नाव सह-भाडेकरू म्हणून नोंदवायची सोय होती. अट एकच, तोही हद्दीत राहणारा हवा. २००४ पर्यंत आम्ही अण्णा-आईंसोबतच राहत होतो. एक फॉर्म भरला असता तर काम झालं असतं. तो भरला नाही, कारण अण्णा धडधाकट होते आणि असल्या गोष्टी बोलणं अभद्र वाटतं. मग आम्ही नऊ मैल लांब घर घेतलं. २०१८ मध्ये आई गेल्या, अण्णांना काचबिंदूमुळे गाडी चालवणं सोडावं लागलं, ते आमच्याकडे राहायला आले. मी प्रामाणिकपणे त्यांचा बदललेला पत्ता कळवला आणि चक्र सुरू झालं.

कौन्सिलवर राग काढून उपयोग नव्हता. हद्दीपासून मैलाहून लांब राहायला गेलेल्या भाडेकरूला महिन्याभराच्या नोटिशीवर काढता येतं, असं १९०८ च्या कायद्यातच आहे. आम्हाला पाच महिने मिळाले. शिवाय यादीतला पुढचा माणूसही माझ्यासारखाच कित्येक वर्षं थांबला असणार.

काय न्यायचं

पाच महिने, तेही नोव्हेंबर ते मार्च. झाडं हलवायला यापेक्षा चांगला काळ नाही, कारण बहुतेक सगळं झोपलेलं असतं. कागदावर सगळं छान दिसत होतं.

अण्णांनी जुन्या 'कालनिर्णय'च्या पानामागे यादी केली. रुबार्बचे गड्डे. गूजबेरी आणि ब्लॅककरंटची झुडपं. फरसबीचं घरचं बी, जे ते १९८० च्या आसपासपासून दरवर्षी राखून ठेवत आले होते. लाकडी पॅलेटचे तीन कंपोस्टचे खण. हत्यारं. यादीत सगळ्यात वर मात्र एकच शब्द होता: माती. पुढे कंसात, वीस गोणी.

हे हास्यास्पद वाटेल, पण वायव्य लंडनची माती ज्याने खणली आहे त्याला वाटणार नाही. पावसाळ्यात बुटाला किलोकिलोने चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी पिवळट चिकणमाती. जांभ्याच्या कातळावर वाढलेल्या माणसाला ती परकीच. अण्णांनी बेचाळीस वर्षं तिच्यात पानांचं कुजलेलं खत, शेणखत, कंपोस्ट आणि राख घातली. मुठीत घेऊन दाबली की गोळा व्हायचा आणि अंगठ्याने ढकलला की सुटायचा, इथवर तिला आणली. पोस्टात सॉर्टिंगची पाळी संपवून पहाटे थेट तिथे जाणारा हा माणूस. त्याला ती माती मागे ठेवायची नव्हती, आणि मलाही ते पटत होतं. व्हॅनच्या किती फेऱ्या होतील याचा हिशेबही मी केला होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही गोण्या भरायला गेलो. वाफा रिकामा करायचा म्हणून मी उरलेल्या कोबीतला एक उपटला. वरून कोबी बरा होता, जरा लहान, पण घट्ट. मूळ मात्र मूळ नव्हतंच. आल्याचा गड्डा असतो ना, बोटं फुटलेला, तसं काहीतरी सुजलेलं, वेडंवाकडं. एका बाजूने सडायला लागलेलं आणि त्याचा वास नाकात बसणारा. दुसरा उपटला, तसाच. तिसऱ्यात कमी, पण गाठी होत्याच.

शेजारच्या प्लॉटवरच्या पंजाबी काकूंनी कुंपणावरून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "क्लबरूट. सगळ्या साइटवर आहे. तुझ्या सासऱ्यांचा चुना आहे म्हणून तुम्हाला कोबी तरी मिळतात."

अण्णांचा चुना

क्लबरूट हा कोबीच्या कुळाचा रोग. फ्लॉवर, केल, ब्रॉकोली, सलगम, मोहरी, आणि आपला मुळासुद्धा याच कुळातला. रोगाचे बीजाणू मातीत राहतात आणि यजमान पीक नसलं तरी वीसेक वर्षं टिकू शकतात. त्यावर घरगुती बागेत मारण्यासारखं औषध नाही. ओली, आम्लधर्मी माती त्यांना मानवते. चुना घालून सामू (pH, आम्लता मोजायचा आकडा) सातच्या वर नेला की त्यांचा जोर ओसरतो, पण ते मरत नाहीत.

अण्णा दर हिवाळ्यात चुना टाकायचे. ऐंशीच्या दशकात पलीकडच्या जमैकन आजोबांनी "लाइम, मॅन, एव्हरी विंटर" असं बजावलं होतं आणि अण्णांनी ते सोडलं नाही. का टाकायचा हे अण्णांनी विचारलं नव्हतं, आजोबांनीही सांगितलं नव्हतं. सवयीने रोग इतका दाबून ठेवला होता की तो आहे हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. मी किटने माती तपासली तेव्हा सामू सव्वासातच्या आसपास निघाला. नव्या प्लॉटचा सहा.

याचा अर्थ मला व्हॅनमध्ये बसल्यावर लागला. ही माती वीस गोण्या भरून सहा सामूच्या जमिनीत नेऊन टाकणं म्हणजे रोगाला हवी तशी जागा स्वतःच्या हाताने देणं. तेही सव्वा गुंठ्यात, जिथे पीक फिरवायला जागाच अपुरी. कंपोस्टची तीच गत. बेचाळीस वर्षांची कोबीची मुळं त्या तीन खणांत गेली होती.

अण्णांना हे सांगणं सोपं गेलं नाही.

"बेचाळीस वर्षं खाल्लंत ना त्याच मातीतलं? कोणाला काय झालं?"

"माणसाला नाही होत अण्णा, कोबीला होतं."

"मग कोबी लावू नकोस."

खरं तर हा वावगा तोडगा नव्हता. मेथी, कोथिंबीर, पालक, बटाटा, कांदा, लसूण, घेवडा यांना क्लबरूट लागत नाही. आमच्या घरात कोबीवाचून कोणाचं अडत नव्हतं. पण नवी साइट आमची एकट्याची नव्हती. वाटा सामायिक, नळ सामायिक, बुटांना लागून माती सगळीकडे फिरते. शेजाऱ्यांच्या वाफ्यांचा निर्णय मी कशी घेणार? हे त्यांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. दोन दिवसांनी यादी फ्रिजवर लावलेली दिसली. 'माती' या शब्दावर आडवी रेघ मारलेली होती.

धुतलेले गड्डे

मग प्रश्न उलटा झाला. मातीशिवाय काय जाऊ शकतं?

बी जाऊ शकतं. क्लबरूट बियाण्यातून पसरत नाही. फरसबीचा फुलोरा बहुतेक स्वतःचं स्वतःच फळतो, म्हणून अण्णांचं चाळीस वर्षांचं बी त्याच वाणाचं राहिलं होतं. (रनर बीन्सचं असं होत नाही. त्यांच्यावर मधमाश्या फिरतात आणि शेजाऱ्याचा वाण आपल्यात मिसळतो.) एक चहाचा डबा भरला आणि ते काम संपलं.

झुडपं मुळासकट नाही, पण त्यांच्या काड्या जाऊ शकतात. गूजबेरी आणि ब्लॅककरंटच्या त्या वर्षीच्या पक्क्या झालेल्या, वीतभर लांबीच्या काड्या नोव्हेंबरात छाटल्या, घरी कुंडीत दोन-तृतीयांश खोल खोचल्या. पंधरापैकी अकरा जगल्या. झुडूप उखडून नेण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि जुन्या मातीचा कणही सोबत येत नाही. गूजबेरीचं लोणचं आमच्याकडे आवळ्याच्या लोणच्यासारखंच घालतात, त्यामुळे ती सोडणं शक्यच नव्हतं.

अडलं ते रुबार्बवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रुबार्बचे लालसर देठ खायचे, पान विषारी म्हणून टाकून द्यायचं. इंग्रज त्याचा गोड क्रम्बल करतात. आईंनी सत्तरच्या दशकात कैरी मिळत नव्हती तेव्हा त्याचा मेथांबा केला आणि तो आमच्या घरात कायमचा राहिला. आमटीत कोकम संपलं की रुबार्बचा तुकडा. तो गड्डा १९७९ सालचा होता.

रुबार्बला स्वतःला क्लबरूट होत नाही, पण त्याच्या मुळांना चिकटलेली माती तर तीच. नेटका सल्ला असा की अशा जागेतून मुळासकट काहीच हलवू नये, नवा गड्डा विकत घ्यावा. तुम्ही मला विचारलंत तर मीही हेच सांगेन. स्वतःच्या घरी मात्र मी तसं केलं नाही. डिसेंबरात गड्डा खणून काढला, फावड्याने चार फोडी केल्या. प्रत्येकीला निदान एक ठसठशीत डोळा राहील असं बघितलं. जुन्या साइटच्या नळावरच बादल्या बदलत, बोटांनी खाचाखोचा साफ करत धुतला. हात इतके गारठले की गाडीची किल्ली फिरवता येईना. त्या फोडी नव्या प्लॉटवर नेल्याच नाहीत. घराच्या मागच्या अंगणात दोन मोठ्या टबांत, विकतच्या मातीत, डोळे जमिनीलगत ठेवून लावल्या. टबाखाली फरशी. बूट आणि हत्यारंही तिथेच धुऊन आणली, अण्णांच्या खुरपीची मूठसुद्धा ब्रशने घासली.

रोटाव्हेटर

नवा प्लॉट दोन वर्षं कोणी केलेला नव्हता. काटेरी ब्रॅम्बल, त्याखाली काउच ग्रास, म्हणजे आपल्या हराळीची विलायती बहीण, आणि त्याहून खाली बाइंडवीडची पांढरी, शेवयांसारखी मुळं. कोणीतरी कधी तरी तण दाबायला टाकलेले गालिच्याचे तुकडे, आणि त्यातूनच वर आलेलं गवत.

माझ्या नवऱ्याला एका शनिवारात हे संपवायचं होतं. त्याने रोटाव्हेटर, म्हणजे पात्यांनी माती फिरवणारं यंत्र, भाड्याने आणला. पाचपैकी तीन रॉड फिरवून होईपर्यंत अंधार पडला, म्हणून दोन रॉड राहिले. तिथे मी नंतर फक्त गवत कापून कार्टनचे पुठ्ठे अंथरले आणि वर काळं प्लास्टिक ताणून विटा ठेवल्या.

फिरवलेली जमीन दिवाळीतल्या अंगणासारखी दिसत होती. पुठ्ठ्याची बाजू भंगारच्या दुकानासारखी. शेजारच्या बाई दोन्हींकडे बघून काही न बोलता गेल्या, तेव्हाच मी समजायला हवं होतं. हराळी काय किंवा बाइंडवीड काय, मुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला तरी त्याला फुटवा येतो. रोटाव्हेटरने एका मुळाचे पन्नास तुकडे केले आणि सारख्या अंतरावर पेरून दिले. एप्रिलमध्ये त्या तीन रॉडवर हिरवा गालिचा होता. बाइंडवीडचे कोंब वाटाण्याच्या काठ्यांआधी वर चढले. प्लास्टिकखालच्या दोन रॉडमध्ये सप्टेंबरपर्यंत जी थोडी पांढरी मुळं उरली ती हाताने ओढून निघाली. फिरवलेला भाग २०२१ च्या शेवटापर्यंत माझ्या मागे होता. ठरवून प्रयोग केला असता तरी इतका स्वच्छ निकाल मिळाला नसता.

तिथे पहिलं पीक बटाट्याचं घेतलं. बटाटा जमीन साफ करतो असं इथे सगळे म्हणतात. बटाटा काही साफ करत नाही. लावताना, माती चढवताना आणि काढताना आपण तीनदा खणतो, ते साफ करतं.

लिदीबद्दलही एक सांगायला हवं. जवळच्या एका तबेल्यातून फुकट मिळत होती, तीन ट्रेलर सांगून ठेवले होते. कुरणावर मारायच्या काही तणनाशकांचा अंश गवतातून घोड्याच्या पोटात, तिथून लिदीत आणि लिदीतून आपल्या घेवड्यात येतो, हे ऐकून होते. म्हणून आधी एक पोतं आणलं. सहा कुंड्यांत लीद मिसळून, तीन कुंड्यांत न मिसळता वाल लावले. महिन्याभरात लिदीवरच्या रोपांचे शेंडे मुठीसारखे आवळले, पानं वाटीसारखी वळली. ट्रेलर परत फिरवले. तबेलेवाल्याला त्यांच्या चाऱ्यावर काय मारलं होतं याची कल्पनाही नव्हती.

पाऊस, मग टाळेबंदी, मग दहिवर

पाच महिन्यांतले प्रत्यक्षात अडीचच मिळाले. फेब्रुवारी २०२० हा ब्रिटनच्या नोंदींमधला सर्वांत ओला फेब्रुवारी. सिआरा आणि डेनिस ही वादळं पाठोपाठच्या आठवड्यांत आली. ओल्या चिकणमातीवर पाय ठेवला की ती विटेसारखी दाबली जाते, म्हणून दोन्ही प्लॉटवर महिनाभर कोणी गेलंच नाही. राहिलेलं मार्चमध्ये करू असं ठरलं. आवराआवर, शेडची चावी, आणि अण्णांची शेवटची फेरी.

२३ मार्चला टाळेबंदी लागली. अलॉटमेंटवर जायला परवानगी होती, तो रोजचा व्यायाम धरला जायचा. पण सत्तरीच्या पुढच्यांनी शक्यतो घरीच राहावं असं सांगितलं होतं. ८२ वर्षांचे अण्णा अर्थातच गेले नाहीत. ३१ मार्चला मी एकटीने जाऊन चावी पेटीत टाकली. निघताना फोनवर व्हिडिओ लावला. "अजून खाली धर," म्हणाले. मला वाटलं वाफे बघायचेत. त्यांना नळ बघायचा होता. तो गळत होता आणि वायसर बदलायचा राहिला होता.

नव्या भाडेकरूसाठी शेडमध्ये पत्र ठेवायचं होतं. त्यात रोगाचा उल्लेख करायला अण्णा आधी तयार नव्हते. "लोक म्हणतील म्हाताऱ्याने जमीन नासवली." दोन दिवस गेले. मग स्वतःच म्हणाले, लिही. कुठल्या वाफ्यात गाठी जास्त, चुना कधी आणि किती टाकायचा, कोबीच लावायचा तर किलाक्सीसारखा प्रतिकारक वाण लाव. आणि शेडमध्ये अर्धी गोण चुना आहे, तो तुझा. एप्रिलमध्ये एका मुलीचा मेसेज आला. चुन्याबद्दल आभार, आणि कोपऱ्यात जमिनीतून लाल कोंब वर येताहेत ते काय आहे. रुबार्बचा एक तुकडा मागे राहिला होता.

सर्वांत महागात पडलेली चूक मेमध्ये झाली, आणि ती मी अण्णांच्या ज्ञानावर विसंबून केली. त्यांच्याकडे एकेचाळीस वर्षांची 'कालनिर्णय' होती. गावाहून कोणी ना कोणी आणायचंच. तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहिलेलं: 'बटाटे लावले', 'मेथी उगवली', 'दहिवर', म्हणजे पानं गोठवणारी रात्रीची थंडी. टाळेबंदीत वेळ होता, मी वसंतातल्या शेवटच्या दहिवराच्या तारखांचा तक्ता केला. दहा मेनंतर दहिवर पडल्याची नोंद सगळी मिळून तीनदा. यापेक्षा चांगला आधार कोणता?

८ मेचा शुक्रवार कडक उन्हाचा गेला. शनिवारी मी खिडकीत वाढवलेली अण्णांच्या बियाची अठ्ठावीस फरसबी आणि चार दुधी लावून आले. रविवारी वारा उत्तरेकडे फिरला. त्या आठवड्यातल्या थंडीने देशभर नुकसान केलं, द्राक्षमळ्यांचंही. आमच्या साइटवर चढाच्या बाजूला शेजाऱ्यांची पानं कडेने करपली. आमची फरसबी सकाळी काळी, शिजवल्यासारखी लोंबत होती. दुधींचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते हळहळले नाहीत, प्रश्न विचारू लागले. प्लॉट उतारावर आहे का? खालच्या टोकाला काय आहे? कुंपण जाळीचं की झुडपांचं?

दाट हॉथॉर्नचं झुडपी कुंपण होतं, आणि त्यापलीकडे ओढा.

"मग थंडी तिथे येऊन साठते," म्हणाले. "पाण्यासारखीच उतरते ती. तुझं कुंपण बांध झालंय. माझा प्लॉट चढावर होता. माझ्या तारखा तुझ्या नाहीत."

माती नेता आली नाही याचं आम्हाला वाईट वाटत होतं, पण निदान ज्ञान तरी घेऊन आलो असं मी धरून चालले होते. तेही अर्धंच आलं होतं. एकेचाळीस वर्षांच्या तारखा त्या अडीच गुंठ्यांच्या होत्या. नव्या जागी उपयोगी पडला तो त्या तारखांमागचा प्रश्न, आणि तो कॅलेंडरवर कुठेही लिहिलेला नव्हता.

डब्यात चाळीसेक बिया शिल्लक होत्या. सगळ्या एकदम न लावण्याचं एवढं शहाणपण मी केलं होतं. आम्ही आराखडा उलटा केला. फरसबी, दुधी, भोपळा चढाकडच्या टोकाला. कुंपणाकडे कांदा, पार्सनिप आणि पुढच्या हिवाळ्यासाठी केल. त्यांना थंडी बाधत नाही. बिया जूनच्या पहिल्या आठवड्यात थेट जमिनीत पेरल्या. तो मे इंग्लंडच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा निघाल्याने माती दगड झाली होती. पहारीने भोकं पाडून, त्यात कंपोस्ट भरून बी टाकलं. ऑगस्टअखेर शेंगा आल्या. खायला कमी घेतल्या, बी जास्त राखलं.

दोन वर्षांनंतर

अंगणातल्या टबांतला रुबार्ब टाळेबंदीभर अण्णांच्या ताब्यात होता. जुन्या प्लॉटचं तेवढंच त्यांच्या हाताशी उरलं होतं. पहिल्या वर्षी एकही देठ तोडू दिला नाही, गड्ड्याला जोर धरू द्यायचा असतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये सात देठ काढून दिले. त्याचा मेथांबा एक बरणीसुद्धा भरला नाही. टबातल्या रुबार्बला पाणी फार लागतं आणि तो जमिनीतल्यासारखा पसरत नाही. तरी त्याला प्लॉटवर न्यायचा विचार मी अजून केलेला नाही.

नवी जमीन खरोखर स्वच्छ होती का, हे तपासायचं राहिलं होतं. शेजारी रोग नाही म्हणत होते, पण जुन्या साइटवर आम्हीही चाळीस वर्षं नाहीच म्हणालो असतो. २०२१ मध्ये मी प्लॉटच्या सहा वेगवेगळ्या जागी चुना न घालता एकेक साधा कोबी लावला. खाण्यासाठी नाही, मुळं बघण्यासाठी. सप्टेंबरच्या शेवटी अण्णांना गाडीने घेऊन गेले. नव्या प्लॉटवर ते दुसऱ्यांदा येत होते. उलट्या बादलीवर बसले. मी एकेक कोबी उपटायचा, नळाखाली धुवायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा. ते भिंग लावून मुळं बोटांनी विंचरायचे. पहिला, दुसरा, पाचवा. सहाव्याला वेळ लागला, कारण त्यावर एक गाठ होती. ती त्यांनी नखाने फोडून बघितली. आत पोकळ, त्यात किड्याची पांढरी अळी. क्लबरूटची गाठ आत भरीव असते.

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

"बरी आहे जमीन," म्हणाले. "पण चुना टाकायचा तो टाकच."